घराचा लिलाव झाला, आता काय करता येईल?

दारव्हा तालुक्यातून विचारतो. बाबांनी घरावर फायनान्स कंपनीचं कर्ज काढलं होतं. सोयाबीन हातचं गेलं, हप्ते थकले. आता लिलाव झाला म्हणतात. दारावर चिकटवलेल्या कागदात घरासोबत मागचं वावरही लिहिलंय! पूर्ण पैसे भरले तर घर परत मिळेल का? आई घर सोडायला तयार नाही.

— दादा, सरफेसी कायद्यात, म्हणजे कोर्टात न जाता तारण विकून कर्ज वसूल करायच्या कायद्यात, २०१६ साली दुरुस्ती झाली. पैसे भरून घर सोडवायचा हक्क आता लिलावाची जाहिरात निघेपर्यंतच. पण कारवाईत चूक असेल तर कलम १७ खाली ४५ दिवसांत नागपूरच्या कर्जवसुली न्यायाधिकरणात अर्ज करा. दिवाणी कोर्टात वेळ घालवू नका, तिथं कलम ३४ आडवं येतं.

— वावराचा सातबारा आजच काढा, पीकपेऱ्यासकट. शेतजमिनीला हा कायदा लागूच नाही, कलम ३१ पाहा. मला तर हाच तुमचा सगळ्यात भक्कम मुद्दा वाटतो.

— ६० दिवसांची मागणी नोटीस बाबांच्या हाती पडली होती का? पाकीटही जपून ठेवा, पोस्टाचा शिक्का कामी येतो. कर्ज आणि खर्च वळता करून उरलेली रक्कम तुमचीच असते. हिशेब लेखी मागा.

— नोटीस शेजाऱ्याकडे टाकली होती. पाकीट सापडलं, उद्या वकिलाकडे नेतो.