मदत हवी आहे: वाईन हे सॉफ्टवेअर टाकल्यापासून कवितांच्या टेक्स्ट फाइली भलत्याच प्रोग्राममध्ये उघडतात

नमस्कार मंडळी,

खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावात दर हिवाळ्यात ग्रामीण साहित्य संमेलन असतं. कडोली, उचगाव, येळ्ळूरला भरतात तसंच, पण लहान. त्याच्या स्मरणिकेचं टायपिंग वाचनालयातल्या कॉम्प्युटरवर होतं. मशीन जुनं आहे, ४ जीबी रॅमचं, त्यावर डेबियन १२ हे लिनक्स आणि एक्सएफसीई हा डेस्कटॉप. लॉगिन दोन: एक माझं, एक गुरुजींचं. गुरुजी निवृत्त मुख्याध्यापक, स्मरणिकेचे संपादक तेच. फाइलवर दोनदा क्लिक केलं की ती नीट उघडावी, एवढीच त्यांची अपेक्षा आहे आणि ती रास्तच आहे. वयाच्या या टप्प्यावर ते रोज दोन-तीन तास बसून प्रत्येक कवितेचं शुद्धलेखन तपासतात, त्यांना कॉम्प्युटरनं अडवू नये असं मला मनापासून वाटतं.

निपाणी, चंदगड, भालकी, कारवार अशा सगळ्या बाजूंनी कविता येतात. बहुतेक जण साध्या टेक्स्ट फाइलमध्ये युनिकोड मराठी पाठवतात. काही ज्येष्ठ कवींच्या फाइली मात्र युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमधल्या असतात, जुन्या विंडोज टायपिंग प्रोग्रामात केलेल्या. तो प्रोग्राम चालावा म्हणून लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम चालवणारं वाईन टाकलं. डेबियनच्या भांडारातलं (सॉफ्टवेअर जिथून उतरवतात तिथलं) नव्हे, वाईन प्रकल्पाच्या स्वतःच्या भांडारातलं. प्रोग्राम सुरेख चालतो. पण तेव्हापासून .टीएक्सटी फाइल माउसपॅड या एक्सएफसीईच्या साध्या एडिटरऐवजी वाईनच्या नोटपॅडमध्ये उघडते आणि मराठीच्या जागी टोप्या-टिंबं लावलेली रोमन अक्षरं दिसतात.

परवा त्यातूनच घोटाळा झाला. एका कवयित्रीनं शेवटचं कडवं बदलून पाठवलं होतं. गुरुजींनी ते व्हॉट्सअॅपवरून कॉपी करून फाइलमध्ये खाली चिकटवलं. चिकटवलेलं मराठी पडद्यावर नीट दिसत होतं, म्हणून त्यांनी सेव्ह केलं. मध्येच इंग्रजीत काहीतरी सूचना आली, त्यावर ओके दाबलं. मी नंतर माउसपॅडमध्ये फाइल उघडली तर वरची कडवी जशीच्या तशी आणि शेवटच्या चार ओळी म्हणजे नुसती प्रश्नचिन्हं. मधल्या मोकळ्या जागा आणि स्वल्पविराम तेवढे जागेवर.

आतापर्यंत काय काय करून पाहिलं ते सांगते. आज्ञा देवनागरीत लिहितेय, टर्मिनलमध्ये अर्थातच रोमनमध्ये टाइप केल्यात.

माझ्या लॉगिनमध्ये राइट क्लिक करून माउसपॅड डिफॉल्ट केलं, ते टिकलं. गुरुजींच्या लॉगिनमध्ये मात्र नोटपॅडच. त्यांच्या होम फोल्डरमध्ये .लोकल/शेअर/अॅप्लिकेशन्स इथं 'वाईन-एक्स्टेन्शन-टीएक्सटी.डेस्कटॉप' आणि त्याच धर्तीच्या बऱ्याच फाइली दिसल्या: आरटीएफ, पीडीएफ, जेपीजी, एक्सएमएल. त्या काढून टाकल्या, चार दिवस बरं गेलं, मग वाईनचं अपडेट आलं आणि सगळ्या परत हजर. त्यांच्या लॉगिनमध्ये 'एक्सडीजी-माइम क्वेरी फाइलटाइप' विचारलं की उत्तर टेक्स्ट/प्लेन, म्हणजे साधा मजकूर, असं येतं. 'एक्सडीजी-माइम क्वेरी डिफॉल्ट टेक्स्ट/प्लेन' विचारलं की वाईनचंच नाव.

मला तीन गोष्टी हव्यात. दोन्ही लॉगिनमध्ये टेक्स्ट फाइल कायम माउसपॅडमध्येच उघडावी. वाईननं पुन्हा या फाइली तयार करू नयेत. आणि जमत असेल तर जुन्या फॉन्टच्या फाइली तेवढ्या त्या टायपिंग प्रोग्रामातच उघडाव्यात. अडचण अशी की त्यासुद्धा .टीएक्सटीच आहेत. वाईन काढून टाकणं हा पर्याय नाही, त्या फाइलींमध्ये काही अशा कविता आहेत ज्यांची दुसरी प्रत कुठंच नाही.

प्रतिसाद

ताई, नमस्कार. मी बेळगावात वडगावला असतो, हाच त्रास आमच्याकडंही होऊन गेलाय. तुम्ही माहिती इतकी नेमकी दिलीय की अंदाज बांधायची गरजच नाही.

लिनक्सवर 'हा प्रोग्राम ही फाइल उघडू शकतो' आणि 'हाच प्रोग्राम उघडायचा' या दोन वेगळ्या नोंदी असतात. पहिली प्रत्येक प्रोग्रामच्या .डेस्कटॉप फाइलमध्ये, 'माइमटाइप' (फाइलचा प्रकार) या ओळीत. दुसरी 'माइमअॅप्स.लिस्ट' नावाच्या फाइलमध्ये, 'डिफॉल्ट अॅप्लिकेशन्स' या मथळ्याखाली. दुसरी नोंद कुठंच नसेल तर सिस्टिम पहिल्या नोंदींमधून निवडते, आणि तेव्हा यूजरच्या होममधल्या .डेस्कटॉप फाइलींना सगळ्या मशीनसाठीच्या फाइलींपेक्षा आधी मान मिळतो. वाईन आपल्या फाइली नेमक्या होममध्येच ठेवतं. म्हणून त्याचं नोटपॅड पुढं जातं, माउसपॅड मागं राहतं.

तुम्ही राइट क्लिकनं जे ठरवलं ते तुमच्या होममधल्या .कॉन्फिग/माइमअॅप्स.लिस्टमध्ये लिहिलं गेलं. गुरुजींच्या होमशी त्याचा संबंध नाही. दोघांसाठी एकदम करायचं तर रूट (सगळे अधिकार असलेला यूजर) होऊन /ईटीसी/एक्सडीजी/ मध्ये माइमअॅप्स.लिस्ट तयार करा. पहिल्या ओळीत चौकोनी कंसात डिफॉल्ट अॅप्लिकेशन्स, त्याखाली 'टेक्स्ट/प्लेन=ओआरजी.एक्सएफसीई.माउसपॅड.डेस्कटॉप'. यूजरनं स्वतः वेगळं काही ठरवलं नसेल तर ही नोंद वाईनच्या नुसत्या 'उघडू शकतो' नोंदीला भारी पडते. गुरुजींच्या .कॉन्फिगमधली माइमअॅप्स.लिस्ट तेवढी आधी उघडून बघा, तिथं टेक्स्ट/प्लेनपुढं वाईनचं नाव असलं तर ती ओळ काढा, कारण यूजरची नोंद /ईटीसीच्या वर असते.

आता फाइली परत का येतात ते. वाईनमध्ये 'वाईनमेनूबिल्डर' म्हणून एक भाग आहे, अपडेटनंतर तो या जोडण्या नव्यानं लिहितो. गुरुजींच्या लॉगिनमध्ये 'वाईनसीएफजी' चालवा, 'डेस्कटॉप इंटिग्रेशन' टॅबवर जा आणि 'मॅनेज फाइल असोसिएशन्स' समोरची खूण काढा. मग जुना कचरा साफ करा: .लोकल/शेअर/अॅप्लिकेशन्समधल्या वाईन-एक्स्टेन्शननं सुरू होणाऱ्या फाइली आणि .लोकल/शेअर/माइम/पॅकेजेसमधल्या एक्स-वाईननं सुरू होणाऱ्या. नंतर 'अपडेट-डेस्कटॉप-डेटाबेस' आणि 'अपडेट-माइम-डेटाबेस' त्या त्या फोल्डरवर चालवा. हे विसरू नका, नाहीतर कॅशमध्ये जुनंच राहतंय आणि माणूस उगाच डोकं धरून बसतोय. पुष्कळ ठिकाणी वाईनमेनूबिल्डर पूर्ण बंद करायचा सल्ला वाचाल. तसं केलं तर नवीन प्रोग्राम टाकल्यावर त्याची मेनूतली नोंदही होत नाही. खूण काढणं पुरेसं आहे.

तिसऱ्या मागणीचं म्हणाल तर मजकूर कुठल्या फॉन्टमधला ते सिस्टिमला कळत नाही, तिच्या लेखी दोन्ही टेक्स्ट/प्लेन. त्यामुळं वेगळं एक्स्टेन्शन द्यावंच लागेल, समजा .लेगसी. .लोकल/शेअर/माइम/पॅकेजेसमध्ये एक छोटी एक्सएमएल फाइल ठेवून 'अॅप्लिकेशन/एक्स-जुनाफॉन्ट' असा नवा प्रकार आणि त्याला *.लेगसी हा ग्लॉब (फाइलच्या नावाचा नमुना) जोडा. मग टायपिंग प्रोग्रामसाठी स्वतःची .डेस्कटॉप फाइल करून तिच्या माइमटाइप ओळीत हा प्रकार लिहा. त्या प्रोग्रामला विंडोज पद्धतीचा मार्ग लागतो, लिनक्सचा मार्ग त्याला कळायचा नाही. .डेस्कटॉप फाइलमधल्या एक्झेक ओळीत (प्रोग्राम सुरू करायची आज्ञा असते ती) 'वाईन स्टार्ट'ला /युनिक्स हा पर्याय देऊन लिनक्सचा मार्ग दिला तर वाईन तो बदलून घेतं, पण मग .लेगसी प्रकार वाईनच्या आतही त्या प्रोग्रामला जोडलेला हवा. ते नको असेल तर चार ओळींची शेल स्क्रिप्ट करा: 'वाईनपाथ -डब्ल्यू'नं मार्ग बदलायचा आणि प्रोग्रामला द्यायचा. मी हेच वापरतो.

प्रश्नचिन्हं झालेल्या ओळी परत मिळायच्या नाहीत. नोटपॅडनं वरचा मजकूर बाइट न बदलता परत लिहिला, म्हणून तो वाचला. नवीन अक्षरं त्याच्या एन्कोडिंगमध्ये (अक्षरं साठवायच्या पद्धतीत) बसत नव्हती, त्यांच्या जागी प्रत्यक्ष प्रश्नचिन्हच लिहिलं गेलंय. ती इंग्रजी सूचना तेच विचारत होती. कडवं व्हॉट्सअॅपवरून पुन्हा घ्या.

धागाकर्ती

दादा, मनापासून आभार. /ईटीसीमधली नोंद केली, गुरुजींच्या माइमअॅप्स.लिस्टमध्ये खरंच वाईनची एक ओळ होती, ती काढली. खूण काढली, कचरा साफ केला, दोन्ही डेटाबेस अपडेट केले. मुद्दाम वाईनचं अपडेट पुन्हा चालवून पाहिलं, फाइली आल्या नाहीत. आता त्यांच्या लॉगिनमध्ये क्वेरी डिफॉल्टचं उत्तर माउसपॅड येतंय. कडवं व्हॉट्सअॅपवर होतंच, गुरुजींनी स्वतः पुन्हा घातलं. वाईनपाथची स्क्रिप्टही लागू पडली.

एक शेवटचं. संमेलनाच्या आधी महिनाभर कॉलेजच्या दोन मुली टायपिंगला येतात, त्यांच्यासाठी वेगळं लॉगिन करणार आहे. तिथं काय काय परत करावं लागेल?

प्रतिसाद

/ईटीसीमधली नोंद त्यांना आपोआप लागू होईल, टेक्स्टची काळजी नको. वाईनची खूण मात्र प्रत्येक लॉगिनच्या .वाईन फोल्डरमध्ये वेगळी असते, ती पहिल्याच दिवशी काढा, नाहीतर आरटीएफ आणि फोटो वाईनकडं जातील. तुमची .लेगसीची एक्सएमएल फाइल /यूएसआर/लोकल/शेअर/माइम/पॅकेजेसमध्ये आणि .डेस्कटॉप फाइल /यूएसआर/लोकल/शेअर/अॅप्लिकेशन्समध्ये हलवा, रूट होऊन दोन्ही डेटाबेस त्या फोल्डरांवर अपडेट करा. स्क्रिप्टही /यूएसआर/लोकल/बिनमध्ये ठेवा. टायपिंग प्रोग्राम त्यांच्या लॉगिनमध्ये नव्यानं टाकावा लागेल, आणि स्क्रिप्टमध्ये तुमच्या होमचा मार्ग लिहिला असेल तर तो बदलून होम व्हेरिएबल वापरा.