डाव्या पुढच्या चाकाचं बेअरिंग चौथ्यांदा गेलं, कारण कसं शोधू?

पांदणरस्ता (धागाकर्ता):
नमस्कार मंडळी. गाव आर्णी तालुक्यातलं. गाडी 2013 ची छोटी पेट्रोल, पुढच्या चाकांना ड्राइव्ह. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाही, नाहीतर धागा 'ही घ्यायलाच नको होती'वर जातो अन् बेअरिंग राहतं बाजूला.

हिशेब असा. कंपनीतून आलेलं डावं बेअरिंग 92,000 किमी चाललं. नंतरचं 4,000. तिसरं 2,600. आता चौथं टाकून 1,100 झाले आणि पन्नासच्या वर गेलं की परत तोच घोंघों आवाज, लांबच्या वावरात थ्रेशर सुरू असल्यासारखा. उजवं अजून मूळचंच आहे. तिन्ही वेळा काम एकाच मिस्त्रीकडे. तो म्हणतो, "रस्ते पाहा न भाऊ, बेअरिंग काय करन?" आठवड्यातून तीनदा आईला यवतमाळला न्यावं लागतं, म्हणून धाकधूक आहे. सुरुवात कुठून करू?

सोयाबीनवाला:
काहून बेअरिंगच बदलत बसले बाप्पा! आवाज कोठून येऊन राह्यला हे त पाहा आधी. माह्या गाडीले दोन बेअरिंग टाकले, शेवटी निघाला टायर. झिजून करवतीसारखा झाला होता. मागचं टायर पुढं करून पाहा.

पांदणरस्ता:
केलं भाऊ. टायर मागेपुढे केले, आवाज जागचा हलला नाही.

वणीकडचा:
मिस्त्री अगदीच चूक नाही. एकेरी डांबरी रस्त्यावर समोरून ट्रक आला की आपलं डावंच चाक साइडपट्टीवरून खाली उतरतं, आणि वर चढताना डांबराची कड दणका देते. आमच्याकडे कोळशाच्या गाड्यांमुळे हे रोजचं. नाल्यातून गाडी काढता का? चालून तापलेलं हब (चाक ज्यावर बोल्टनं बसतं तो भाग) गार पाण्यात गेलं की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढून घेते. दिवाळीपर्यंत बेअरिंग ओरडायला लागतं.

पांदणरस्ता:
हे चौथं मार्चमध्ये टाकलंय. आमच्या नाल्यात तेव्हापासून शेळ्या चरतात.

आगारवाले काका:
22 वर्षं एसटीच्या वर्कशॉपमध्ये काढली, आता घरीच असतो. तुमचाच हिशेब परत वाचा. 92,000, 4,000, 2,600, 1,100. रस्ता तोच, चालवणारे तुम्हीच, साइडपट्टीही पहिल्यापासून तीच. रस्त्यानं मारलं असतं तर आकडा कधी वर गेला असता, कधी खाली. हा नुसता उतरतोय. म्हणजे दर वेळी काढता-घालताना बेअरिंग बसायची जागाच जास्त खराब होत चाललीय, असा माझा अंदाज.

तरी आधी आवाज पक्का करा. रिकाम्या रस्त्यावर 50-60 ला हलकं उजवीकडे वळवा. वजन डाव्या चाकावर येतं. आवाज वाढला आणि डावीकडे वळवल्यावर दबला, तर डावंच. मग जॅकवर घ्या, खाली लाकडी ठोकळा ठेवा, चाक हातानं फिरवा आणि दुसरा हात सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर ठेवा. खराब बेअरिंगची खरखर स्प्रिंगमधून बोटांना कळते. नंतर चाक वर-खाली धरून हलवा. खेळ वाटला तर कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर बेअरिंग, राहिला तर बॉल जॉइंट पाहा.

आता मिस्त्रीला विचारा, बसवलं कशानं? हे बेअरिंग नकलमध्ये (चाक, ब्रेक नि स्टीअरिंग ज्याला जोडलेलं असतं तो नग) घट्ट बसतं आणि त्याच्या आत हब घट्ट बसतं. नकलमध्ये घालताना जोर फक्त बेअरिंगच्या बाहेरच्या रेसवर (कड्यावर) यायला हवा. हब घालताना आतल्या रेसला खालून आधार हवा. यात उलटसुलट झालं, किंवा हातोडा नि पाइपचा तुकडा वापरला, तर सगळा जोर छर्र्यांमधून जातो आणि रेसवर बारीक ठसे उमटतात. नवंकोरं बेअरिंग गाडीला लागायच्या आधीच आजारी. डोळ्यांना काही दिसत नाही, हजार-दोन हजार किमीनं ओरडतं.

एक्सल नटही तसाच. हा नट बेअरिंगच्या दोन्ही आतल्या रेस आवळून धरतो. तो टॉर्क रेंचनं, मॅन्युअलमधल्या आकड्यावर कसायचा. नट कसायच्या हवेच्या गनचा 'टर्रर्र' म्हणजे टॉर्क (ठरलेला पीळ) नव्हे. आणि नट ढिला असताना गाडी चार पावलंसुद्धा ढकलायची नाही.

जुनी बेअरिंग फेकली नसतील तर बाहेरच्या रेसची पाठ बघा. चकचकीत घासलेली आणि तांबूस भुकटी लागलेली असेल, तर ते नकलमध्ये फिरत होतं. निळं-काळं पडलं असेल तर तापलंय, मग ब्रेक चिकटतो का ते बघा.

सोयाबीनवाला:
काका, इतकं त आमच्या आयटीआयच्या सरायनंबी नाही सांगितलं.

पांदणरस्ता:
काका, वळवून पाहिलं, डावंच आहे. एक जुनं बेअरिंग ट्रॅक्टरच्या टूलबॉक्समध्ये सापडलं. रॉकेलनं धुतलं. पाठीवर आरशासारखा पट्टा आहे आणि कडेला विटेच्या चुऱ्यासारखी भुकटी.

मग यवतमाळला प्रेस (बेअरिंग दाबून बसवायचं मशीन) असलेल्या वर्कशॉपमध्ये नकल उतरवली. आतला भाग पुसला तर भिंतीवर गोल रांगेत तिळाएवढे खड्डे. पंच (टोकदार छिन्नी) ठोकून पाडलेले! नवं बेअरिंग नुसत्या अंगठ्यानं अर्ध्यापर्यंत आत गेलं. तिथला माणूस माझ्या तोंडाकडे पाहून हसला. हबच्या दांड्यावर कटरची आडवी खाचही निघाली. जुनी रेस अडकली असेल, ती कापताना ग्राइंडर खाली उतरला.

आधीच्या मिस्त्रीला फोन केला. सरळ म्हणाला, "ढिलं लागत होतं, म्हणून दोनदा पंच मारला." मी भांडलो नाही. त्याच्याकडे प्रेस नाही, तिथे सगळे असंच करतात. पण पहिल्यांदाच सांगितलं असतं तर निदान दोन बेअरिंगचे पैसे वाचले असते.

प्रश्न असा, नकल बोअर करून, म्हणजे भोक मोठं करून, आत स्लीव्ह (नळीसारखं कडं) टाकता येईल का? लेथवाला तयार आहे, आणि स्वस्तात.

लेथवरचा:
मी स्वतः लेथ चालवतो आणि तरी सांगतो, नको. पंपाच्या हाउसिंगला स्लीव्ह दहा वेळा टाकली. इथे बोअर मूळच्या मध्याशी एकदम सरळ नाही आला तर चाकच तिरपं बसतं, आणि नकलसारखा वाकडातिकडा नग चकवर मध्यात धरायला अर्धा दिवस जातो.

आगारवाले काका:
बरोबर. पंचनं धातू फक्त टोकाटोकांनी वर येतो. त्या टोकांवर बेअरिंग बसतं, चार दिवसांत टोकं दबतात आणि ते परत फिरायला लागतं. तुमचा उतरता आकडा हाच. लॉकटाइट (धातू चिकटवायचा गोंद) केसाएवढ्या फरकाला ठीक, अंगठ्यानं आत जातं तिथे नाही. स्टीअरिंग, ब्रेक, खालचा आर्म, सगळं त्या एका नगावर लटकलेलं आहे आणि गाडीत आई बसते. नकल बदला, हबही बदला. कबाडीतली घेतली तर ठोकलेल्या गाडीची नको. बोअरमध्ये बोट फिरवा, आणि बेअरिंग हातानं आत जात असेल तर तिथेच परत ठेवा.

वणीकडचा:
मी माझं साइडपट्टीचं भाषण मागे घेतो. अर्धं.

पांदणरस्ता:
उशिरा लिहितोय, तुरीची पेरणी सुरू होती. नकल नागपूरहून जुनी आणली. तिसऱ्या दुकानात मिळाली, पहिल्या दोघांकडच्या नगांत बेअरिंग आरामात शिरत होतं! हब, बेअरिंग, ते जागेवर धरणारी लॉक रिंग, एक्सल नट, सगळं नवं. माझ्यासमोर प्रेसवर बसवलं, नट टॉर्क रेंचनं कसला. अलाइनमेंट केली, कारण नकल हलली की ती बिघडतेच. आज 1,900 किमी झाले. समृद्धीवर एकदा काचा वर करून ऐंशीला मुद्दाम कान देऊन ऐकलं, फक्त टायरचा आवाज.

आता लगे हाथ उजवंही बदलून टाकू का? त्याचे पण लाखाच्या वर झाले.

आगारवाले काका:
आवाज करतं का?

पांदणरस्ता:
नाही.

आगारवाले काका:
मग त्याला हात लावू नका.