"आता मला सोडा" असं घरचं माणूस म्हणतं तेव्हा: तुमचे अनुभव लिहा

असाध्य दुखणं घरात आलं की अंथरुणावरचं माणूस कधीतरी म्हणतंच, "आता मला सोडा." इंजेक्शन देऊन मरण घडवणं आपल्याकडे गुन्हा आहे. आयुष्य नुसतं लांबवणारे उपचार नाकारायचा हक्क मात्र सुप्रीम कोर्टाने 2018 मध्ये मान्य केला. कायदा एवढाच. घरात, देवळात, मशिदीत, विहारात तेव्हा काय बोलणं झालं ते मराठवाड्यातल्या लोकांनी लिहावं. वाद नको, घडलेलं सांगा.

अंबाजोगाई
आमचे आबा माळकरी. कॅन्सर हाडात उतरलेला, कूस बदलली तरी ओरडायचे. एकच धोशा, "माउलींनी समाधी घेतली, नाथांनी पैठणला गोदावरीत देह ठेवला, मग मलाच का अडवायलाव?" आमच्याकडे उत्तर नव्हतं. शेवटी गावातल्या कीर्तनकार महाराजांना बोलावलं. ते खाटेवर बसले, आबांचे पाय मांडीवर घेतले आणि म्हणाले, "आबा, त्यांचं काम उरकलं होतं, म्हणून ते गेले. तुम्ही दुखतंय म्हणून निघालात. आधी दुखणं बघू." बाहेर आल्यावर मॉर्फिनच्या गोळ्यांचं त्यांनीच सुचवलं, त्यांच्या भावाला दिल्या होत्या म्हणे. आम्ही संभाजीनगरहून आणल्या. रात्रीची झोप लागायला लागली तसं आबांनी समाधीचं नाव काढणं सोडलं. पुढे दोन महिने हरिपाठ म्हणत होते.

भूम
आम्ही जैन. कुंथलगिरी जवळच, जिथे आचार्य शांतिसागर महाराजांनी 1955 मध्ये सल्लेखना, म्हणजे अन्नपाणी हळूहळू सोडून मरण स्वीकारायचं व्रत, घेतली. दृष्टी गेली, आता चालताना जीवजंतू वाचवता येणार नाहीत, हे त्यांचं कारण होतं. माझ्या आत्याची किडनी गेली, डायलिसिस सोसेना. तिने मुनी महाराजांकडे सल्लेखना मागितली. त्यांनी विचारलं, "मरण लवकर यावं असं वाटतं का?" ती हो म्हणाली. "मग आत्ता नाही." लवकर मरावं ही इच्छा शास्त्रात सल्लेखनेचा दोष मानली आहे, आणि अजून जगावं ही इच्छासुद्धा. आत्या आठवडाभर रुसून होती. नंतर पुन्हा गेली तेव्हा शांत होती, घरच्या सगळ्यांची क्षमा मागून आली होती. मग परवानगी मिळाली. राजस्थान हायकोर्टाने 2015 च्या ऑगस्टमध्ये संथारा (सल्लेखनेचंच दुसरं नाव) म्हणजे आत्महत्या असा निकाल दिला (त्याच महिन्यात सुप्रीम कोर्टाने स्थगिती दिली), तेव्हा मला राहून राहून तो "आत्ता नाही" आठवत होता. आत्महत्येला कोण अशी परीक्षा घेतं?

(धागा काढणारी: हे वाचून थांबले थोडा वेळ. नकार देणारा गुरू भेटणं ही आत्याबाईंची पुण्याई.)

परभणी
अब्बा व्हेंटिलेटरवर होते. डॉक्टर म्हणाले, मेंदू गेलाय, उपयोग नाही. थोरला भाऊ अडून बसला, "जान अल्लाहची अमानत आहे, मशीन काढणारे आपण कोण?" मौलाना साहेबांना फोन लावला. ते म्हणाले, जीव घेणं हराम, पण ज्या इलाजाची उमेद डॉक्टरांनीच सोडली तो थांबवणं म्हणजे जीव घेणं नव्हे. भावाने स्वतः उशाशी बसून यासीन शरीफ पढली.

हिंगोली
मला कुणाचंच पटत नाही, रागावू नका. बायकोला मोटर न्यूरॉनचा आजार होता. वाचा गेली, बोटं गेली. अक्षरांच्या तक्त्यावर मी काडी फिरवायचो, हव्या त्या अक्षरावर ती डोळे मिटायची. पु. रे. रोज तेच. नाकातली नळी काढा म्हणून सांगायला सगळे तयार होते, पण म्हणजे उपाशी मरू द्यायचं. गुरुजी म्हणाले, भोग भोगूनच संपतात. मी आजही रोज दत्ताची पूजा करतो आणि रोज हेच म्हणतो की तिने शुद्धीत मागितलेलं मरण डॉक्टरच्या हातून तिला मिळायला हवं होतं. नेदरलँड्समध्ये 2002 पासून कायद्याने मिळतं. तिथल्या लोकांना देव नाही का?

नांदेड
भंतेजींनी आईसमोर स्पष्ट सांगितलं, विनयात, म्हणजे भिक्खूंच्या नियमांत, भिक्खूने कुणापुढे मरणाची स्तुती केली आणि त्या माणसाने जीव दिला, तर तो भिक्खू संघाबाहेर जातो. म्हणून मी तसं बोलणार नाही, रोज येऊन बसेन. ते येत राहिले.

लातूर
मी आयसीयूत सिस्टर आहे. देवाधर्माचं खूप ऐकलं, पण आमच्याकडे निम्मे निर्णय बिलावर होतात. डामाच्या (डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध डिस्चार्ज) कागदावर सही करायची आणि पेशंट घरी न्यायचा. नातेवाईक म्हणतात देवाची मर्जी. ऊसतोड करणाऱ्या एका पोराने मला विचारलं, "सिस्टर, पैसे असते तर देवाची मर्जी वेगळी असती का?" धार्मिक लोकांनी आधी यावर बोलावं.

जालना
मी स्वतःचं लिहून ठेवलंय: व्हेंटिलेटर नको, वेदनांवर औषध हवं, तोंडात तुळशीपत्र हवं. दोन साक्षीदार लागतात. 2023 पासून मॅजिस्ट्रेटकडे जावं लागत नाही, नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी चालतो. एक प्रत मुलीकडे दिली, कारण मुलगा रडून सगळं चालू ठेवायला लावेल.