अनुभव धागा: शिक्षणासाठी देता, ते का देता? बडोदेकरांची उत्तरे

दांडिया बाजारातील एका घरगुती बैठकीत गरजू विद्यार्थ्यांच्या फीसाठी वर्गणी काढण्याचा विषय निघाला आणि दहा मिनिटांत रक्कम जमली. मात्र ‘आपण हे नेमके का देतो’ असे एका तरुणाने विचारले, तेव्हा सगळे आपापल्या चहाच्या कपाकडे पाहू लागले. पुण्य लाभते, समाजाचे ऋण फेडायचे असते, ही उत्तरे आपल्याला पाठ आहेत. ती बाजूला ठेवून ज्याने त्याने खरे कारण लिहावे, एवढीच विनंती आहे. दिलेली रक्कम लिहू नये आणि संस्थेचे नावही लिहू नये. सुरुवात मीच करतो.

माझे आजोबा कोकणातून कलाभवनात शिकण्यासाठी बडोद्यास आले, तेव्हा त्यांनी रावपुऱ्याच्या आसपासच्या घरांत वार लावले होते. सोमवारी एकाकडे, मंगळवारी दुसऱ्याकडे, अशी आठवड्याची जेवणे ठरलेली असत. त्यांना सहाच घरे मिळाली, गुरुवारचे घर कधी मिळालेच नाही. गुरुवारी ते पाणी पिऊन राहत, आणि लोक समजत की मुलगा दत्ताचा उपास करतो. पुढे नोकरी लागल्यावरही त्यांनी तो समज कधी दूर केला नाही. खरी गोष्ट आजीने मला सांगितली, तीही ते गेल्यानंतर. मी वसतिगृहातील दोन मुलांच्या खाणावळीचा खर्च उचलतो तो त्या गुरुवारांसाठी. दयेचा त्यात फारसा भाग नाही. आमच्या घरातील एक जुना हिशेब मला पुरा करायचा आहे. वार लावण्याची ती सोय आमच्या जातीच्या मुलाला सहज मिळाली, इतरांना ती दारे उघडी नव्हती, हेही येथे नोंदवणे भाग आहे.

अलकापुरीतील एक चार्टर्ड अकाउंटंट

माझ्या व्यवसायामुळे मला देणग्यांची दुसरी बाजू दिसते. पूर्वी मार्चच्या शेवटच्या आठवड्यात अशिलांचे फोन येत की ‘ऐंशी-जी’ची, म्हणजे देणगीवर प्राप्तिकरात वजावट मिळवून देणारी पावती देणारी एखादी चांगली संस्था सुचवा. नव्या करप्रणालीत ही वजावट मिळत नाही, आणि जुन्या प्रणालीतही २,००० रुपयांहून अधिक रोख देणगीला ती लागू होत नाही. त्यामुळे करासाठी देणारे कोण आणि मनापासून देणारे कोण हे आपोआप उघड होईल, असा माझा कयास होता. तो निम्मा चुकला. ज्यांनी हात आखडता घेतला, त्यांत व्याख्याने देणारे होते. ज्यांनी देणे चालू ठेवले, त्यांतील दोघांना मी आजवर निव्वळ हिशेबी समजत आलो होतो. स्वतःविषयी सांगायचे तर मी सवयीने देतो. वडील दर महिन्याच्या पहिल्या तारखेला देत, म्हणून मीही देतो, आणि याहून खोल कारण मला सापडलेले नाही.

मांडवीजवळील भांड्यांचे दुकानदार

खरे लिहा म्हणता, तर लिहितो: मी नावासाठी दिले. आमचा धंदाच असा आहे की स्टीलचा साधा डबा विकला तरी गिऱ्हाईक म्हणते, यंत्राने नाव घालून द्या. एका शाळेला मी वडिलांच्या स्मरणार्थ पिण्याच्या पाण्याची सोय करून दिली आणि संगमरवरी पाटी लावली. ती पाहायला मी नातेवाइकांनाही घेऊन गेलो. पुढे मुख्याध्यापकांनी मला बोलावून सांगितले की पाणी झाले, संगणकही कोणी दिले, परंतु गणिताच्या शिक्षिकेचा सहा महिन्यांचा पगार देण्यास कोणी तयार नाही, कारण पगारावर पाटी लावता येत नाही. हे ते हसत म्हणाले होते, पण मला झोंबले. तो पगार मी दिला. तो देताना पाटीसारखा आनंद झाला नाही, हेही कबूल करतो. मात्र त्या वर्गाचा दहावीचा निकाल लागला, त्या दिवशी मी कारण नसताना शाळेच्या रस्त्याने दोनदा गेलो.

निवृत्त प्राथमिक शिक्षिका

मी मराठी माध्यमाच्या शाळेत शिकवीत असे. तिसरीतला एक मुलगा सतत शेजाऱ्याच्या वहीत डोकावून उतरवून घ्यायचा, म्हणून मी त्याला वर्षभर शेवटच्या बाकावर एकटे बसवले. तेथे तर त्याला काहीच येईना, आणि माझी खात्री झाली की हा मुलगा मठ्ठ आहे. पुढच्या वर्षी शाळेत नेत्रतपासणीचे शिबिर झाले, तेव्हा त्याचा नंबर उणे साडेचार निघाला. फळा त्याला कधी दिसलाच नव्हता. शेजाऱ्याची वही हाच त्याचा फळा होता. शिक्षा म्हणून मी त्याचा तो फळाही काढून घेतला होता. निवृत्तीवेतनातून मी दरवर्षी मुलांच्या चष्म्यांसाठी पैसे देते. लोक याला दान म्हणतात. मी त्याला माझी थकबाकी समजते.

कारेलीबागेतील गृहिणी

आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताईंची मुलगी २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यातील २५ टक्के जागांमधून एका खासगी शाळेत शिकत होती. या कायद्याचे संरक्षण सहा ते चौदा वर्षे वयापर्यंत, म्हणजे आठवीपर्यंत असते, हे मला माहीत नव्हते. नववीची फी भरणे ताईंच्या आवाक्याबाहेरचे होते आणि मधल्या वर्गांत शाळा बदलायची, तर माध्यमही बदलणार होते. आमच्या सोसायटीतील पाच घरांनी मिळून बारावीपर्यंतची फी वाटून घेतली. यामागचे माझे कारण लिहिताना संकोच वाटतो. ती मुलगी नववीत घरी बसली असती, तर आईबरोबर माझ्याच घरी भांडी घासायला आली असती. मी तिला खाऊ दिला असता, दिवाळीला नवे कपडे घेतले असते, आणि कामावर ठेवलेही असते. तो विचार एकदा मनात आल्यावर गप्प बसणे अशक्य झाले. आठवीनंतरच्या या खाचेकडे देणगीदारांचे लक्ष फारसे जात नाही असे मला वाटते. पहिलीतल्या लहान मुलाला दप्तर देताना जो उमाळा येतो, तो नववीतल्या उंच, अबोल मुलीकडे पाहून येत नाही.

वाडी भागातील बँक कर्मचारी

मी या व्यवहाराच्या दुसऱ्या टोकाला होतो. सातवीत माझी फी एका सद्गृहस्थांनी भरली, त्यासाठी शाळेत समारंभ झाला आणि मला धनादेशाचे एक टोक धरून छायाचित्रासाठी उभे केले गेले. दुसऱ्या दिवसापासून वर्गातील मुले मला त्या गृहस्थांच्या आडनावाने हाक मारू लागली. त्यांचे उपकार मी विसरलेलो नाही, परंतु मी आज देतो तो त्या छायाचित्राच्या रागातून देतो. फी थेट शाळेच्या कचेरीत भरतो. कोणाची भरली हे मला कळू नये आणि कोणी भरली हे त्याला कळू नये, अशी कारकुनाशी बोली आहे. भांडेवाल्या काकांनी राग मानू नये. पाण्याच्या टाकीवरील पाटीने कोणाचे काही बिघडत नाही. माणसावर मात्र पाटी नको.

निझामपुऱ्यातील निवृत्त रेल्वे कर्मचारी

धागा सुरू करणाऱ्यांनी बंद दारांचा उल्लेख केला, म्हणून लिहावेसे वाटले. सयाजीराव महाराजांनी १९१३ मध्ये बाबासाहेबांना कोलंबिया विद्यापीठातील शिक्षणासाठी दरमहा ११.५ पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली, हे आपण बडोदेकर अभिमानाने सांगतो. त्या करारात परतल्यावर दहा वर्षे संस्थानाची नोकरी करण्याची अट होती. ती पाळण्यासाठी ते १९१७ मध्ये येथे आले, तेव्हा या शहरात त्यांना राहायला खोली मिळाली नाही. पारशी धर्मशाळेतून लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले आणि मुंबईच्या गाडीची वेळ होईपर्यंत ते कमाटीबागेत बसून राहिले. राज्याने शिक्षणासाठी शिष्यवृत्ती दिली आणि शहराला एक खोली देता आली नाही.

माझ्याकडे देण्याजोगा पैसा कधीच नव्हता. घराच्या गच्चीवर मात्र एक खोली आहे. विद्यापीठात शिकणाऱ्या मुलांना भाड्याची जागा शोधताना आजही आडनाव आणि गाव आधी विचारले जाते, हे आमच्याच गल्लीत मी ऐकले आहे. गेली तीन वर्षे त्या खोलीत छोटाउदेपूरकडचा एक मुलगा भाडे न देता राहिला. सुरुवातीला पत्नीची तक्रार होती की तो रात्री उशिरापर्यंत दिवा जाळतो. नंतर तिनेच त्याला टेबलावरचा दिवा आणून दिला. एप्रिलमध्ये परीक्षा आटोपून तो गावी गेला आणि किल्ली आमच्याकडे ठेवून गेला. जूनपासून खोली मोकळी आहे. पंखा चालू स्थितीत आहे, पाणी सकाळी येते, आणि दिवा टेबलावर तसाच आहे. कोणाच्या माहितीत विद्यार्थी असेल, तर त्याला संध्याकाळी सहानंतर पाठवावे; आडनाव सांगण्याची गरज नाही.