असेंबल्ड की ब्रँडेड? लातूरमध्ये वॉरंटीचं काय?

मुलीच्या आर्किटेक्चरसाठी डेस्कटॉप हवाय: ऑटोकॅड, स्केचअप, पुढे रेव्हिट ही डिझाइनची सॉफ्टवेअर चालवायला. बजेट विंडोजसकट ७५ हजार. मॉनिटर, यूपीएस घरी आहेत. लॅपटॉप नको.

असेंबल्डचं (सुटे पार्ट जोडून बनवलेल्याचं) पुण्याच्या दुकानदाराचं कोटेशन बजेटमध्ये बसतंय: आय५ १२४०० प्रोसेसर, १६ जीबी रॅम, आरटीएक्स ३०५० ग्राफिक्स कार्ड. ('१२४००एफ' मुद्दाम टाळला, त्यात प्रोसेसरचं स्वतःचं ग्राफिक्स नसतं; कार्ड बिघडलं तरी स्क्रीन चालायला हवी.) त्याच पैशात मिळणाऱ्या ब्रँडेडमध्ये ८ जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही आणि पॉवर सप्लाय इतका लहान की नंतरही कार्ड बसणार नाही. पण वर्षभर माणूस घरी येऊन दुरुस्त करतो, आणि तिथेच मन अडतंय.

असेंबल्डमध्ये प्रत्येक पार्टची वॉरंटी वेगळ्या कंपनीची. सबमिशनच्या आठवड्यात मशीन बंद पडलं तर बिघाड शोधणार कोण? लातूर-नांदेडकडच्या कुणी मदरबोर्ड किंवा कार्ड वॉरंटीत बदलून घेतलंय का? दुकानदारामार्फत की थेट कुरिअरने, आणि किती दिवस लागले?