मदत हवी आहे: जावेबरोबर फुल मॅरेथॉनची तयारी चालू आहे, पण पेस जुळत नाहीये

नमस्कार मंडळी, मी आणि माझी मोठी जाऊ साताऱ्याला एकाच घरात राहतो आणि येत्या जानेवारीत मुंबईला पहिली फुल मॅरेथॉन (४२ किमी) धावायची म्हणून दोघींनी नावं दिलीयेत. मी ४२, ताई ४९. हाफ दोघींच्या झाल्यात, फुलचा अनुभव शून्य.

मला धावायला त्यांनीच शिकवलं. धाकट्याच्या वेळच्या बाळंतपणानंतर मी घराबाहेरच पडत नव्हते, तेव्हा रोज सकाळी दार वाजवून "चल गं, नुसतं चालून येऊ" म्हणायच्या, असं करत करत दोन वर्षांत आम्ही यवतेश्वरचा घाट न थांबता चढायला लागलो. त्यामुळे हा प्रश्न विचारताना पण कसंतरी होतंय.

लाँग रनला माझा पेस साधारण साडेसात मिनिटाला किलोमीटर, त्यांचा आठ चाळीस. १०-१२ किमीला काही जाणवत नाही, गप्पा मारत होऊन जातं, पण मागच्या रविवारी २८ केले, एवढ्याला आमच्यात अर्ध्या तासाच्या वर फरक पडतो. मी त्यांच्या पेसने पूर्ण पळाले तर २० नंतर माझी कंबर आणि मांड्या भरून येतात, स्टेपच बदलते माझी. आणि त्या माझ्यासाठी जोर लावतात (सांगत नाहीत, पण श्वासावरून कळतं) तेव्हा दुसऱ्या दिवशी गुडघ्याची बाहेरची बाजू दुखते, घाट उतरताना तर जास्तच.

वेगवेगळं पळा म्हणाल, पण पहाटे पावणेपाचला अंधार असतो, बोगद्याच्या अलीकडे कुत्री मागे लागतात आणि उजाडलं की कासला जाणाऱ्या गाड्या सुरू. शिवाय ताईंना शुगर आहे, गोळ्या चालू आहेत. डॉक्टरांनी पळायला परवानगी दिलीय, निघण्याआधी शुगर तपासा आणि ग्लुकोज जवळ ठेवा म्हणालेत, पण एकदा १८ व्या किमीला त्यांना दरदरून घाम फुटून हात थरथरायला लागले होते. पाच मिनिटं रस्त्याच्या कडेला बसवून ग्लुकोज दिलं, तेव्हापासून त्यांना एकटं सोडायचा माझा जीव होत नाही.

करून पाहिलेलं: मी पुढे जाऊन परत यायचं, त्यांना गाठायचं, परत पुढे. यात माझे २६ चे ३० होतात आणि आठवडाभर पाय जड. मग जेफ गॅलोवे यांची रन-वॉक पद्धत वाचून मागच्या दोन आठवड्यांपासून चार मिनिटं पळणं, एक मिनिट चालणं सुरू केलंय. ताईंना ते फार मानवलंय, गुडघाही कमी दुखतोय. मला मात्र दर वेळी थांबून परत वेग धरायला त्रास होतो, ही सवयीने जाईल का?

ज्यांनी कमी-जास्त पेसच्या पार्टनरबरोबर फुल केलीय त्यांनी प्लीज सांगा. लाँग रन एकत्र आणि मधल्या वारी आपापला टेम्पो रन (थोडा जोर लावून एका वेगात पळणं), एवढं पुरतं का? मैदानाभोवती दोन-तीन किमीची फेरी धरून आपापल्या पेसने पळायचं, म्हणजे दर फेरीला भेट होईल, हे ३२ किमीच्या रनला जमेल का, की डोकं कंटाळतं? आणि शुगर असलेल्यांनी दोन तासांनंतर काय खाता तेही सांगा, आम्ही खजूर आणि राजगिऱ्याचे लाडू नेतो पण लाडू कोरडा पडतो, घशाखाली उतरत नाही.

रेसच्या दिवसाचं तर ठरतच नाहीये. ताई म्हणतात "तू पुढे जा, माझ्यासाठी टाइम घालवू नकोस". हिशेबाने मी सव्वापाच तासांत, त्या सहाच्या थोडं पुढे. पण परतीच्या पेडर रोडच्या चढावर, पाय संपलेले असताना, त्या एकट्या असतील हे मनातून जात नाही.

एडिट: काहींनी विचारलं म्हणून, गुडघा ऑर्थोपेडिकला दाखवलाय, सूज नाही, व्यायाम दिलेत. मला टाइमची घाई नाही, पण ट्रेनिंगमध्ये स्वतःचे पाय बिघडवायचे नाहीत.