सभागृहातील व्यायामवर्गाची वेळ : सोसायटी ग्रुपवरील चर्चा

ए-३०२ : माननीय सचिव, नोटीस वाचली. वजन घटवण्याचा वर्ग पुन्हा पहाटे साडेपाचलाच ठेवला आहे. ज्या घरात सातला शाळेची रिक्षा दारात येते, त्याआधी दोन डबे भरायचे असतात आणि नंतर स्वतःला गोकुळ शिरगावच्या कारखान्यात वेळेवर हजेरी लावायची असते, त्या घराचा विचार ही वेळ ठरवताना कोणी केला होता का? झुंबाच्या वेळीही मी हेच विचारले होते आणि त्याचे उत्तर अद्याप यायचे आहे.

सचिव : वहिनी, सूचना नोंदवून घेतली आहे. ही वेळ बैठकीला उपस्थित असलेल्या सभासदांच्या बहुमताने ठरली.

ए-३०२ : बैठक कामाच्या दिवशी दुपारी चारला होती. त्यामुळे उपस्थित कोण होते, हे सर्वांना ठाऊक आहे.

बी-१०१ : इच्छा असली की वेळ निघतो. मी वर्षानुवर्षे पहाटे पाचला रंकाळ्यावर जातो. सर्वांनी पहाटे पाचला रंकाळ्यावर यावे.

सी-४०४ : काका, फेरीनंतर गंगावेशीतले धारोष्ण दूध आणि परतताना जादा कट मागून घेतलेली मिसळ, हाही कार्यक्रम त्यातच धरायचा ना?

बी-१०१ : आमचे दूध तालमीत जिरले आहे. आपण पहिल्या मजल्यावर जायलासुद्धा लिफ्ट थांबवून ठेवता, त्याकडे आधी लक्ष द्यावे.

सी-२०३ : ज्या आईवडिलांना वेळ नाही, त्यांच्यासाठी माझ्याकडील पावडर उत्तम आहे. जेवणाऐवजी दोन वेळा घ्यायची, पंधरा दिवसांत सात किलो वजन उतरते. इच्छुकांनी वैयक्तिक संदेश पाठवावा.

ए-३०२ : ताई, ग्रुपवर विक्री करायची नाही, हे गणपतीच्या वेळी ठरले होते. डॉक्टरसाहेब, आपण रोज हे वाचता. एकदा काही तरी बोला.

डी-३०१ (डॉक्टर) : एकदाच सविस्तर लिहितो. खाणे एकदम तोडले की पहिल्या आठवड्यात काटा झरझर खाली येतो, पण त्यात चरबीपेक्षा पाणीच जास्त असते. शरीरातील साखरेचा साठा संपतो आणि त्याच्यासोबत धरून ठेवलेले पाणी निघून जाते. पुढे उपासमार चालू राहिली तर स्नायूही झिजतात. एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७,७०० कॅलरी, त्यामुळे आठवड्याला अर्धा किलो ही चांगली गती समजावी. ज्यांच्या अंगावर बाळ पिते, ज्यांना मधुमेहाची औषधे चालू आहेत किंवा थायरॉइडचा त्रास आहे, त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवण कमी करू नये. काट्यापेक्षा कंबर मोजावी. आपल्याकडे पुरुषांची ९० आणि स्त्रियांची ८० सेंटिमीटरच्या आत असणे चांगले.

ए-३०२ : आणि वेळेचे काय?

डी-३०१ (डॉक्टर) : सुरुवात स्वयंपाकघरातून करावी, कारण तिथे वेगळा वेळ काढावा लागत नाही. पाऊण तास झपाझप चालल्यावर साधारण दोनशे कॅलरी खर्च होतात, आणि पंचवीस ग्रॅम तेलातून तेवढ्याच, किंबहुना थोड्या अधिक पोटात जातात. दर माणशी दिवसाला पंचवीस ग्रॅम धरले तर चौघांच्या घराला महिन्याला तीन किलो तेल पुरायला हवे. म्हणजे पंधरा किलोचा डबा पाच महिने चालला पाहिजे. आपला किती दिवस चालतो, ते प्रत्येकाने घरी पाहावे.

ए-२०१ : आमचा तीन महिन्यांत संपतो. पण पाहुणे फार असतात.

सी-४०४ : पाहुणे आमच्याकडेही असतात, वहिनी, ते बहुधा आपल्याकडूनच जेवून येतात.

ए-१०५ : साखर सोडून गूळ खावा, असे मी नेहमी सांगतो. गुळाने वजन वाढत नाही.

डी-३०१ (डॉक्टर) : वाढते, काका. शंभर ग्रॅम साखरेत सुमारे ४०० कॅलरी असतात आणि गुळात ३८० च्या आसपास.

ए-१०५ : ज्या गुळाला भौगोलिक मानांकन आहे, त्याच्याबद्दल कोल्हापुरातच राहून असे लिहावे, याचे वाईट वाटले.

डी-३०१ (डॉक्टर) : मानांकन चवीला आणि गावाला आहे. मीही खातो, मोजून.

बी-३०४ : माझी अडचण निराळी आहे. मुलांच्या ताटात राहिलेली अर्धी पोळी आणि चार घास भात रोज माझ्याच पोटात जातो. अन्न टाकायचे नाही, अशी आमच्या घरची शिस्त आहे आणि ती पाळण्याचे काम एकटीकडे आहे. सासूबाई याच ग्रुपवर आहेत, म्हणून अधिक लिहीत नाही.

डी-३०१ (डॉक्टर) : मुलांना पहिल्यांदा निम्मे वाढावे आणि मागितले तर पुन्हा द्यावे. उरेल ते लगेच झाकून फ्रीजमध्ये ठेवावे. स्वतःच्या ताटात आधी उसळ, अंडे किंवा दही आणि कोशिंबीर घ्यावी, मग भाकरी. रात्री मुले झोपल्यावर टीव्हीसमोर भडंगाचा डबा घेऊन बसण्यापेक्षा झोपावे. अपुऱ्या झोपेने भूक वाढते.

बी-१०१ : म्हणूनच लवकर झोपून सर्वांनी पहाटे पाचला रंकाळ्यावर यावे.

ए-३०२ : काका, आपला डबा काकू भरतात. आमच्या घरी तो मी भरते.

ए-३०२ (श्री.) : भाजी मी चिरतो, हे नोंदवावे.

ए-३०२ : रविवारी.

डी-३०१ (डॉक्टर) : जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम सांगते. पूर्वी सलग दहा मिनिटांपेक्षा कमी हालचाल त्यात धरत नसत. २०२० च्या मार्गदर्शनात ती अट काढली. म्हणजे जिन्याने चढणे, रिक्षा थांब्यापर्यंत झपाझप चालत जाणे, मुलांशी मैदानात पळणे, हे सगळे जमेस धरता येते. शिवाय आठवड्यातून दोनदा स्नायूंना ताण द्यावा. बैठका आणि भिंतीला हात टेकून जोर काढायला वर्ग लागत नाही.

सचिव : तर मग वर्ग रद्द करावा का?

ए-३०२ : मुळीच नाही. माझे म्हणणे वेळेविषयी आहे. सोमवार, बुधवार आणि शुक्रवारी रात्री पावणेनऊ ते सव्वानऊ सभागृह उघडे ठेवावे. मुलांनाही बरोबर आणू द्यावे, म्हणजे त्यांना कोणाकडे ठेवायचे हा प्रश्न उरणार नाही.

सी-१०२ : सभागृह आमच्या बेडरूमच्या भिंतीला लागून आहे. गाणी लावणार असाल तर माझा लेखी विरोध समजावा.

ए-३०२ : गाणी लावणार नाही.

सचिव : एक महिना प्रयोग करून पाहू. किल्ली ए-३०२ कडे राहील. खुर्च्या परत रचून ठेवण्याची जबाबदारी येणाऱ्यांची राहील. पावडरीचा संदेश हटवला आहे.